नीरेकाठचे बेणे

बारामती-इंदापूरचा इतिहास सांगताना लोक कारखान्यांची धुराडी दाखवितात. आम्ही श्रोत्यांना आधी बेण्याकडे नेतो.

1885 साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी या दुष्काळी मुलखात आले. ऊस फोफावला, पण मागोमाग जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. पाणी किती द्यावे, निचरा कसा करावा, हे ज्ञान पाण्याबरोबर आले नव्हते. 1932 साली नीरेकाठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. कोइमतूरला पैदा झालेला को 86032 हा वाण 1996 मध्ये तेथून ‘नीरा’ नावाने प्रसृत झाला. ऊस कांडीने वाढतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला बेणे दिले आणि विद्या बांधोबांध गेली. नफ्याच्या दुकानाला हे परवडले नसते. बियाणे देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हा हक्क पुढे 2001 च्या कायद्यानेही मान्य केला.

2009 साली बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आली. दुष्काळ, क्षार, उष्मा हे तिचे विषय; म्हणजे कालव्याच्या वेळचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

आम्हांला शाळा थोडी लाभली. जे कळले, ते कोणीतरी हातचे न राखता सांगितले म्हणून. या संस्था जनतेच्या पैशावर चालतात. त्यांची वही ऊसतोड्यालाही त्याच्या भाषेत वाचता यावी, एवढेच आमचे मागणे.