१४. कोसबाडच्या आमदारबाई

१४. ताराबाई मोडक (१८९२–१९७३). माहेरच्या केळकर. १९४६ नंतर काही वर्षे त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेत सदस्य होत्या. लेखकाने त्यांना ‘कोसबाडच्या’ म्हटले आहे खरे, पण आमदारकीच्या काळात त्यांचे काम बोर्डीत चाले, कोसबाडच्या टेकडीवर (ता. डहाणू, तेव्हा ठाणे, आता पालघर जिल्हा) ते पुढे हलले. आमदारकी हा त्यांच्या आयुष्यातला छोटाच भाग. लोकांनी त्यांना ओळखले ते बालशिक्षणामुळे.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसोरी पद्धतीचे बालमंदिर चालवले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. मात्र माँटेसोरीची परदेशी साधने महाग, खेड्याला न परवडणारी. बोर्डीत १९४५ पासून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्यांच्या जागी चिंचोके, शंख-शिंपले, खडे, पाने अशी आसपास फुकट मिळणारी साधने आणली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शिक्षिका पाड्यावर जाऊन कुणाच्या तरी अंगणात वर्ग भरवत. आधी मुलांना आंघोळ, नखे काढणे, मग गाणी-गोष्टी. मजकुरातील ‘अंगणात बसलेली शाळा’, म्हणजे अंगणवाडी, ती हीच. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळाही पुढे काढली गेली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, म्हणजे त्यांच्या पश्चात. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव आहे.