जिन्याखालची राजदूत

सदाशिव पेठेतला आमचा वाडा 2023 च्या पावसाळ्यानंतर पाडायचा ठरला. बिल्डरची माणसं दसरा झाला की येणार होती. 1986 साली एक वळकटी आणि स्टोव्ह घेऊन मी त्या वाड्यात आलो होतो. तिथला सगळा संसार दोन टेम्पोंत मावला. राहिली ती जिन्याखाली पोत्यांनी झाकलेली बाबांची राजदूत.

भंगारवाला बघून गेला होता. थोरला भाऊ फोनवर म्हणाला, देऊन मोकळा हो. बाबा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडेच आले होते. वय 84. ते एवढंच बोलले, "चालू झाली तर गावाकडं ने. न्हाय झाली तर दिऊन टाक." मग हिरवी पट्टी बांधलेला डोळा भिंतीकडे करून झोपले.

राजदूतचं मूळ पोलंडचं. तिकडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती 1962 पासून आपल्याकडे बनवायला घेतली. 175 सीसी, टू-स्ट्रोक, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. शहरात बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, तेव्हा खेड्यात दूधवाले आणि गुरांचे डॉक्टर ही गाडी मारत. दोन्हीकडून कॅन बांधले तरी कुरकुर नाही.

बाबा इंदापूर तालुक्यात गुरांच्या सरकारी दवाखान्यात होते. त्यांनी 1977 मध्ये ही गाडी घेतली. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 1967 साली 'बाएफ' सुरू केली होती, 1970 पासून दुधाचा महापूर योजना आली होती, आणि जर्सी-होल्स्टिनच्या संकरित कालवडी गावोगाव दिसू लागल्या होत्या. गाय माजावर आली की निरोप यायचा. गाईचा माज काही तासांचा, तो हुकला की शेतकऱ्याचे एकवीस दिवस गेले. त्यामुळे रात्र-पाऊस न बघता बाबा निघायचे. आधी बर्फाचा थर्मास असायचा, पुढे उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनचं भांडं आलं. कॅरिअरला बांधलेल्या त्या भांड्यातून पांढरी वाफ निघायची. आम्ही पोरं तिला 'बाबांच्या गाडीतला बैल' म्हणायचो. धवल क्रांतीच्या इतिहासात मोठी नावं येतात, ती यावीतच. पण ती क्रांती गोठ्यापर्यंत नेली ती अशा फटफट्यांनी.

1997 ला निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी मला दिली. मी 2005 पर्यंत चालवली, मग स्कूटर घेतली आणि ही जिन्याखाली लावली. लावली म्हणजे टाकीत निम्मं पेट्रोल तसंच ठेवून, कॉकही बंद न करता. पुढच्या अठरा वर्षांत जे बिघडलं ते या आळसाने.

टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाहीच, जुन्या वॉर्निशचा उग्र दर्प. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, तपकिरी राळ उरते. खाली गंजाचा चिखल बसला होता. कॉक हलेना, आतली जाळी फाटलेली, रबरी नळी वाळल्या काटकीसारखी मोडली.

नाना पेठेतून एका म्हाताऱ्या मेकॅनिकला आणलं. त्याने इंजिनाला हातच लावला नाही. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं, किक हळूच फिरवून पाहिली. इंजिन मोकळं होतं. "सगळं दुखणं टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत आहे," म्हणाला.

टाकीत व्हिनेगर आणि मूठभर जुने नट टाकून मी ती दोन दिवस मांडीवर घेऊन हलवत बसलो. मग सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि लगेच आतून तेल फिरवलं. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा गंजते. घरमालकीणबाई हे सगळं गॅलरीतून बघत होत्या. "अहो, देवाची भांडी घासतो तशी चिंच लावा की!" जेट आणि फ्लोट पितळी, त्यांना चिंच चालली. कार्ब्युरेटरच्या अंगाला मात्र मेकॅनिकने लावू दिली नाही, आंबटाने तो धातू काळवंडतो. जेटची भोकं त्याने विजेच्या वायरमधल्या एका तांब्याच्या तारेने उघडली. पोलादी तार घातली तर भोक मोठं होतं आणि मग माप चुकतं ते कायमचं.

पेठेत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी नळाने शहरात आणलं, तेही असंच नुसत्या उतारावर. वर तलाव, वाटेत हवेसाठी उसास, गाळ खाली बसवायचा, शेवटी पेठेत हौद. राजदूतलाही पंप नाही. वर टाकी, मध्ये जाळी, खाली फ्लोटचा हौद. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक हा तिचा उसास. तेही बुजलं होतं, ते टाचणीने उघडलं.

नवी नळी आणि वॉशर इथेनॉल सोसणारे घेतले. तेव्हा पंपावर वीस टक्क्यांचं मिश्रण येऊ लागलं होतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि इथेनॉल पाणीही ओढून घेतं. आमचा ऊस कारखान्यात जातो. आपल्याच उसापासून गाडीचं रबर वाचवायची वेळ यावी, ह्याचं मला हसू आलं.

एवढं करून गाडी चालू होईना. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहून खाली थारोळं. मेकॅनिकने फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल खुळखुळलं. गरम पाण्यात बुडवल्यावर एका जोडातून बारीक बुडबुडे आले. भोक दिसलं तिथे आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढलं, मग डाग दिला. डागही अगदी थेंबभर, कारण फ्लोट जड झाला की हौदाची पातळी चढते.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ताजं पेट्रोल ओतलं. तेल बाबांच्या मापाने, लिटरला 40 मिली. कार्ब्युरेटरवरची घुंडी दाबली, पेट्रोल ओघळलं. सहाव्या किकला एक फटका, नवव्याला इंजिन धरलं. अख्खा चौक निळ्या धुराने भरला आणि वरून कोणीतरी खिडकी आपटली.

बाबा भिंत धरत धरत बाहेर आले. पट्टी नसलेल्या डोळ्याने न बघता, मान तिरकी करून नुसते ऐकत राहिले. मग हात वर करून थांब म्हणाले. मी चावी फिरवली.

"आसं न्हाय," ते म्हणाले. "आदी कॉक बंद कर. हौदातलं पेट्रोल जळून आपसूक बंद पडू दे. मी रोज तसंच करायचो."

मी पुन्हा किक मारली.