आधी नऊ फिरवा : एका आकड्याचा इतिहास

१/ डिसेंबर २०१३. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल गावातील एका मोटेलच्या खोलीत एका महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा आपत्कालीन क्रमांक चार वेळा फिरवला. फोन एकदाही लागला नाही. बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागतो, हे तिला ठाऊक नव्हते. आई वाचली नाही. हा जादा ९ आला कोठून?

२/ त्याचे मूळ १९व्या शतकात आहे. कॅन्सस सिटीतील अल्मन स्ट्राउजर अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करी. टेलिफोन ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, असे सांगतात. १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळाले. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्यावर आधारलेले एक्सचेंज सुरू झाले.

३/ पुढे तबकडीची डायल आली. ५ फिरवला की तबकडी परतताना विद्युतप्रवाह पाच वेळा खंडित होई. ० साठी दहा वेळा. एक्सचेंजमधील स्विचचा दांडा एका आकड्यासरशी तितक्या पायऱ्या वर चढे आणि पुढच्या आकड्याला तितकी घरे आडवा फिरे. दहा पातळ्या, प्रत्येक पातळीवर दहा जोडण्या. म्हणजे एका स्विचच्या आवाक्यात शंभर फोन.

४/ या यंत्राला स्मृती नव्हती. पूर्ण क्रमांक ऐकून मग निर्णय घेणे त्याला शक्य नव्हते. आकडा येताच दांडा हले आणि पुढचे मार्ग तेथेच ठरत. म्हणूनच पहिल्या आकड्याला सर्वाधिक महत्त्व आले.

५/ मोठ्या कार्यालयांनी स्वतःची छोटी एक्सचेंजेस बसवली, तेव्हा पहिल्या आकड्यांची वाटणी करावी लागली. काही आकडे आतल्या एक्स्टेन्शनसाठी, एक ऑपरेटरसाठी, एक बाहेरच्या लाइनसाठी. अमेरिकेत बाहेरच्या लाइनसाठी ९ रूढ झाला. भारतातील अनेक कार्यालयांत ०. जेथे ९ बाहेर नेई, तेथे आतल्या कोणत्याही टेबलाचा क्रमांक ९ने सुरू होऊ शकत नसे.

६/ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, तशी स्मृतीही आली. आता आकडे साठवून, तक्त्याशी ताडून, पुढच्या आकड्याची क्षणभर वाट पाहून अर्थ लावता येऊ लागला. ९११ हा अपवाद म्हणून ओळखणे ही त्या तक्त्यातील एक नोंद होती. परंतु अनेक ठिकाणी ती केलीच गेली नाही. अशा यंत्रणेत पहिला ९ 'बाहेरची लाइन' ठरतो आणि उरतात केवळ दोन एकडे.

७/ त्या मुलीच्या आजोबांनी या उणिवेविरुद्ध मोहीम उभारली. त्यातून 'करीज लॉ' हा संघीय कायदा झाला; त्याला मृत आईचेच नाव आहे. कोणताही जादा आकडा न दाबता ९११ थेट लागला पाहिजे, असे तो सांगतो. राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी १६ फेब्रुवारी २०१८ची. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, अलाबामातील हेलीव्हिल येथे देशातला पहिला ९११ कॉल लावला गेला होता.

८/ हे बंधन मात्र १६ फेब्रुवारी २०२० नंतर बनवलेल्या, विकलेल्या किंवा बसवलेल्या यंत्रणांना लागू झाले. त्याआधीच्या यंत्रणांमध्ये ती एक नोंद करणे या संघीय कायद्याने बंधनकारक केले नाही.