अस्थिमज्जेला निरोप कुणाचा?

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात हिमोग्लोबिन घसरलं की घरोघरी बीट, पालक, डाळिंब सुरू होतं. त्यामागे माया असते, पण रोगाचं मूळ तिथे नसतं. अशा रुग्णांत लोहाची कमतरता असू शकते. मात्र तेवढ्याने उलगडा होत नाही. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि त्या तयार करण्याचा निरोपच तिथे पुरेसा पोहोचत नसतो. शिवाय या फळा-भाज्यांमधलं पोटॅशियम अशा रुग्णाला घातक ठरू शकतं.

निरोपाची पहिली खूण पेरूच्या डोंगरात सापडली. १८९० च्या सुमारास फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा व्हिओ यांनी लिमाहून जाऊन सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या मोरोकोचा या खाणगावात मुक्काम केला आणि स्वतःच्याच तांबड्या पेशी मोजल्या. एका घन मिलिमीटरमध्ये ५० लाख असलेल्या पेशी साधारण तीन आठवड्यांत ८० लाखांवर गेल्या. विरळ हवेला शरीराने दिलेलं ते उत्तर होतं. पण मज्जेला ही बातमी कळवली कुणी?

१९०६ मध्ये पॅरिसला पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड द फ्लांद्र यांनी सशांचं रक्त काढलं आणि त्यांचा रक्तद्रव धडधाकट सशांना टोचला. त्या सशांच्या तांबड्या पेशी वाढल्या. निरोप रक्तातूनच जातो, हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. पण त्या द्रव्याचं प्रमाण अतिसूक्ष्म असल्याने इतरांना हा प्रयोग सहजी साधेना आणि शंका अनेक वर्षं रेंगाळली. १९४८ मध्ये हेलसिंकीच्या संशोधिकांनी त्या द्रव्याला 'एरिथ्रोपोएटिन' हे नाव दिलं. १९५७ मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन, युजीन गोल्डवॉसर आणि सहकाऱ्यांनी उंदरांचा एकेक अवयव काढून पाहिला. मूत्रपिंडं काढल्यावरच निरोप थांबला. शरीरातला मळ बाहेर टाकणारा अवयव रक्तनिर्मितीची सूत्रंही हलवतो, हे त्या दिवसांत नवलच होतं.

द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती यायला आणखी वीस वर्षं गेली. जपानच्या कुमामोतोत ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांचं २,५५० लिटर मूत्र जमवलं. या रुग्णांची मज्जा निकामी झालेली असते. मूत्रपिंड निरोप धाडत राहतं, ऐकायला कुणी नसतं आणि एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रात उतरतं. गोल्डवॉसर यांच्यासोबत १९७७ मध्ये त्यातून जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघालं. ज्यांना या द्रव्याचा फारसा लाभ होणार नव्हता, त्यांच्या देहातून ते जगाला मिळालं. या ऋणाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात ठळक असायला हवी.

त्या मिलिग्रॅमांच्या आधारे पुढे जनुक हुडकता आलं. फू-कुएन लिन यांनी १९८३ मध्ये ते वेगळं केलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याच्या आधारे बनवलेल्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. त्याआधी डायलिसिसच्या अनेक रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागे. त्यातून संसर्गाची भीती, शरीरात साठणारं लोह आणि पुढच्या प्रत्यारोपणात अडथळा आणणाऱ्या प्रतिद्रव्यांचा धोका असे. इंजेक्शनाने या चक्रातून सुटका केली. तरीही २००६ आणि २००९ मधल्या मोठ्या चाचण्यांनी एक मर्यादा दाखवून दिली: औषधाच्या जोरावर हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं चढवलं, तर हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका वाढतो.

निरोप निघतो कसा, हे कोडं १९९० नंतर सुटलं. ग्रेग सेमेन्झा यांना 'हिफ' नावाचं प्रथिन सापडलं. ते पेशीत सतत तयार होतं, पण भरपूर प्राणवायू असताना त्याच्यावर रासायनिक खूण उमटते आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. प्राणवायू घटला की खूण उमटत नाही, हिफ टिकतं आणि एरिथ्रोपोएटिनचं जनुक जागं होतं. पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांनी खुणेची ही रीत २००१ मध्ये उलगडली. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. जुनाट आजारात मूत्रपिंडातल्या एरिथ्रोपोएटिन बनवणाऱ्या पेशी व्रणाच्या ऊतीकडे झुकतात आणि संप्रेरक कमी बनवतात.

पण ते बनवण्याची क्षमता पुरती मेलेली नसते. खूण उमटवणारं विकर रोखणाऱ्या गोळ्या तीच जागी करतात. अहमदाबादच्या झायडसची डेसिडुस्टॅट ही अशीच गोळी. तिला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. हिफ इतरही अनेक जनुकं चालवतं, म्हणून या गोळ्यांचा दीर्घकालीन हिशेब दक्षतेनेच ठेवावा लागेल.

म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा खाली आला, की घरच्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: लोह तपासलं का, संप्रेरकाच्या औषधाची गरज आहे का, आणि आकडा कुठवर न्यायचा. तिसरा प्रश्न पहिल्या दोनांइतकाच मोलाचा आहे. इथे जास्तीत जास्त आकडा हे उद्दिष्ट नसतं, रुग्णाला झेपेल तो आकडाच योग्य असतो.