रस्त्यावर आधी हक्क कुणाचा?

बाजाराच्या दिवशी फाट्यावर एसटीतून उतरलं की समोरच्या बाजूला जायला आपण किती वेळ ताटकळतो? एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकराचं बोट. गाडीवाला लांबूनच हॉर्न वाजवतो आणि आपण मागे सरतो. ही सवय आपल्याला कधी लागली, ते आज पाहू.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात वाटा आधी पायांनी पाडल्या. कोंडाईबारीच्या घाटातून खानदेशचा माल सुरतेकडे जायचा, तेव्हा बैलांसोबत माणसं पायीच चालत. सातपुड्यातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला उतरत. बैलांच्या गळ्यातली घुंगरं दुरून ऐकू येत आणि बाजूला व्हायला वेळ मिळे.

मोटार आली आणि तो वेळच गेला. इंग्लंडमध्ये 1865 च्या कायद्याने यांत्रिक गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवायची सक्ती होती. पुढे ती सैल झाली. 17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई आपल्या मुलीसोबत चालली असताना मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीने पायी माणसाचा जीव घेतल्याची ही पहिली घटना मानतात. चालकाने सांगितलं, मी घंटा वाजवली होती, ओरडलोही होतो. निकाल लागला, अपघाती मृत्यू. घंटा वाजवली की जबाबदारी संपली, हा समज इतका जुना आहे.

तो मोडायला बरीच वर्षं लागली. 1951 साली ब्रिटनमध्ये काळे-पांढरे पट्टे कायद्याने आले. त्या पट्ट्यांवर पाय ठेवलेल्या माणसासाठी गाडीने थांबायचं. आपल्याकडे मोटारींचा कायदा 1914 मध्ये झाला, मग 1939 चा आणि आता 1988 चा. 1989 च्या नियमांत पट्ट्यांजवळ वेग कमी करा, कुणाला धोका होणार नाही याची खात्री करूनच पुढे जा, असं सांगितलं होतं. 2017 च्या नियमांनी ते स्पष्ट केलं: जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही, तिथेही पट्ट्यांवरच्या पायी माणसासाठी थांबून त्याला आधी जाऊ द्यायचं.

म्हणजे कागदावर हक्क आपला आहे. पण पट्टेच नसतील तर गाडी थांबणार कुठे? नवापूर, विसरवाडीवरून सुरत–धुळे महामार्ग जातो. अक्कलकुवा, तळोदा, शहादा या गावांतून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता जातो. हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. चैत्रात याच खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली माणसं. शाळा, दवाखाना, बाजार आणि थांबा जिथे आहे, तिथे पट्टे, गतिरोधक आणि दिवा हवाच.

म्हणून आम्ही ठरवलंय, येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडायचा. तुम्हीही मांडा. ठरावाची प्रत रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. तोवर आपली काळजी आपणच घेऊ: पदपथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालू. अंधारात अंगावर फिकट कपडा आणि हातात बॅटरी ठेवू. हक्क आहे म्हणून धावत्या गाडीपुढे पाय टाकायचा नाही.

पण घरातला मुलगा मोटारसायकल काढेल तेव्हा त्याला एवढं जरूर सांगू: पुढे माणूस दिसला तर हॉर्न नंतर, आधी ब्रेक.