लहान प्रकाशन, मोठा धीर

तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आणि मागाहून आलेले कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. जे अवाढव्य तेच महत्त्वाचे, असा समज अशा परिसरात सहज रुजतो. म्हणूनच येथे बसून एका अगदी लहान प्रकाशनसंस्थेचा इतिहास सांगावा, असे आम्हांस वाटले.

छापील मराठी ग्रंथाशी आपला संबंध जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेही देवनागरी खिळ्यांअभावी रोमन लिपीत. साधने तुटपुंजी असली तरी शब्द अडून राहत नाही, हा त्यातला धडा.

तोच धडा मुंबईच्या 'प्रास प्रकाशना'ने गिरविला. १९६०च्या दशकातील लघुनियतकालिकांच्या चळवळीत पुढे असलेले अशोक शहाणे यांची ही संस्था. १९७७ साली 'प्रास'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह काढला. त्याच वर्षी कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'ला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार लाभला. दुसरा एखादा प्रकाशक पुढील पुस्तकासाठी तगादा लावता. परंतु 'प्रास'ची 'भिजकी वही' आली ती थेट २००३ मध्ये. २००४ च्या सप्टेंबरात कवी निवर्तले. २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार या संग्रहास मरणोत्तर मिळाला.

देशोदेशीच्या, युगायुगांच्या दुःखी स्त्रिया या वहीत भेटतात. त्यांत हिपेशियाही आहे. अलेक्झांड्रियाच्या या विदुषीला इ. स. ४१५ मध्ये ख्रिस्ती म्हणविणाऱ्या जमावाने ठार केले. ते पान वाचताना आम्ही प्रथम पुस्तक मिटले, हे कबूल केले पाहिजे. मग १२ मार्च २००० चा दिवस आठवला. त्या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली होती. आम्ही पुस्तक पुन्हा उघडले.

बाजाराच्या घाईत न सापडलेला प्रकाशक कवीला वेळ देऊ शकतो, आणि वाचकाला न रुचणारे सत्यही त्याच्या हाती ठेवू शकतो. पण अशी संस्था केवळ प्रकाशकाच्या निष्ठेवर तगत नाही. तिला वाचक लागतात. आपल्या घरी प्रार्थनापुस्तकाशेजारी अशा एखाद्या पुस्तकाला जागा आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा. आम्ही तो आधी स्वतःस विचारला आहे.