वर्गणीदार आणि हलणारे चित्र

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये 'किकस्टार्टर' या अमेरिकी संकेतस्थळावर एका चित्रकथेच्या चाहत्यांना आवाहन करण्यात आले. चित्रकथेचे नाव 'द गून'. एरिक पॉवेल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही मालिका भुताखेतांची, चालत्याबोलत्या प्रेतांची आणि त्यांच्याशी दोन हात करणाऱ्या एका धटिंगणाची आहे. भय आणि विनोद यांची तिच्यातली सरमिसळ वाचकांना भावली होती. तिच्यावर पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट काढावा अशी 'ब्लर' या स्टुडिओच्या टिम मिलर यांची इच्छा होती, आणि निर्माता म्हणून डेव्हिड फिंचर यांच्यासारखा नामवंत दिग्दर्शक पाठीशी होता. नमुन्यादाखल एक छोटी चित्रफीतही तयार झाली होती. तरीही मोठ्या चित्रसंस्था पैसा घालायला धजावल्या नाहीत, तेव्हा मंडळी वाचकांकडे वळली. मागणी ४ लाख डॉलरची होती. ७,५७६ लोकांनी मिळून ४,४१,९०० डॉलर दिले. या संकेतस्थळाच्या हिशेबात मोहीम यशस्वी झाली. मात्र दहा वर्षे उलटली तरी चित्रपट पडद्यावर आलेला नव्हता.

यात कोणी कोणाला फसवले, असे म्हणता येत नाही. मागितलेला पैसा चित्रपटासाठी नव्हताच. तो 'स्टोरी रील'साठी होता, आणि तसे स्पष्ट सांगितलेले होते. स्टोरी रील म्हणजे संपूर्ण पटकथेची कच्ची रेखाटने क्रमाने लावून, त्यांना संवादांची जोड देऊन केलेला आराखडा. प्रसंग किती वेळ चालेल, कोठे काटछाट हवी हे त्यावरून कळते. आणि मुख्य म्हणजे तो दाखवून भांडवलदाराचे मन वळवता येते. म्हणजे या साडेसात हजार वाचकांनी चित्रपट विकत घेतला नव्हता. त्यांनी धनिकांच्या दारी सादर करायच्या एका अर्जाचा खर्च उचलला होता. पुढे मिलर 'डेडपूल' (२०१६) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात गुंतले, आणि वाचकांच्या वाट्याला प्रतीक्षा आली. करारातला शब्द एक होता आणि पैसे देणाऱ्याच्या मनातले चित्र दुसरे. या दोहोंमधले अंतर हाच अशा मोहिमांच्या अडचणींचा उगम आहे.

हे अंतर का पडते, ते त्याच वर्षीच्या दुसऱ्या उदाहरणाशेजारी ठेवले की कळते. 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' ही रिच बर्लू यांची अद्भुतकथा २००३ पासून महाजालावर प्रसिद्ध होत आली. चेटूक, राक्षस, तळघरे आणि फासे टाकून खेळायच्या खेळांचे नियम हा तिचा मसाला. माणसे मात्र काड्यांची. संपलेल्या एका संग्रहाच्या पुनर्मुद्रणासाठी बर्लू यांनी २०१२ च्या आरंभी ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ वाचकांनी १२,५४,१२० डॉलर दिले. मागितल्याच्या एकवीस पटींहून अधिक मिळाले, आणि संकट तेथूनच सुरू झाले. मोहीम रंगेल तशी नवी आश्वासने दिली गेली होती : जादा पुस्तके, जादा कथा, देणगीदारांसाठी खास रेखाटने. हे सारे काढणारा हात एकच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काचेने त्या हाताच्या अंगठ्याला गंभीर इजा झाली आणि चित्रकथा काही महिने थांबली. पुस्तके छापून झाली, पण आश्वासनांतल्या काही कथा पुऱ्या व्हायला अनेक वर्षे जावी लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विलंब होऊनही बर्लू यांच्या बहुसंख्य वाचकांचा विश्वास टिकला, कारण कोणावर विश्वास टाकला आहे हे त्यांना ठाऊक होते. वर्षानुवर्षे विनामूल्य वाचायला दिलेली पाने हेच लेखकाचे तारण होते. कागदावर काड्यांची माणसे काढणारा आणि देणे फेडणारा, दोघे एकच.

अ‍ॅनिमेशनमध्ये हे एकपण मोडते. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवण्याची काटकसर केली तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात. मिनिटाला ७२०, बावीस मिनिटांच्या एका भागाला १५,८४०. त्यावर रंग, पार्श्वभूमी, आवाज, संगीत आणि संकलन. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) या ग्रंथात दाखवून दिले आहे की चित्रकथेतली गती दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत असते आणि ती वाचकच निर्माण करतो. तलवार उगारलेली एका चौकटीत दिसते, डोके उडालेले पुढच्या चौकटीत. मधला वार वाचक करतो. तो फुकट होतो म्हणूनच एकटा माणूस वर्षानुवर्षे चित्रकथा चालवू शकतो. अ‍ॅनिमेशन करायचे म्हणजे वाचकाचे हे विनामोल काम मजुरी देऊन दुसऱ्यांकडून करवून घ्यायचे. वाचक आपला विश्वास लेखकाच्या पदरात टाकतो, पण पैसा ज्या कारखान्यात पोहोचतो तेथे लेखक हा अनेकांपैकी एक असतो.

पैसा पुरेसा असला की प्रश्न सुटतो का? 'क्रिटिकल रोल' या अमेरिकी नटमंडळींनी मार्च २०१९ मध्ये आपल्या खेळातून रचलेल्या अद्भुतकथेच्या बावीस मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनसाठी साडेसात लाख डॉलर मागितले. म्हणजे मिनिटाला सुमारे ३४ हजार डॉलर. ८८,८८७ लोकांनी १ कोटी १३ लाखांहून अधिक डॉलर दिले. एका भागाचे दहा भाग करायचे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'अ‍ॅमेझॉन'ने त्यात भर घालून चोवीस भागांचा करार केला. २०२० च्या शरदात येणारी 'द लीजेंड ऑफ व्हॉक्स मशिना' महासाथीच्या काळातून वाट काढत २८ जानेवारी २०२२ रोजी आली. मालिका उत्तम वठली. तथापि ज्यांच्या पैशावर ती उभी राहिली, त्यांनीच ती पाहण्यासाठी एका बलाढ्य कंपनीचे सभासद व्हायचे काय, हा प्रश्न वर्गणीदारांतून उठला. 'द गून'च्या बाबतीत वर्गणी हा भांडवलदाराकडे केलेला अर्ज होता, येथे ती त्याला मिळालेली खात्री ठरली. दोन्हीकडे अखेरचा शब्द भांडवलदाराचाच.

साहित्याच्या अभ्यासकाला या कहाण्या अपरिचित वाटू नयेत. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ग्रंथ आगाऊ वर्गणीवर निघत. अलेक्झांडर पोपने केलेल्या 'इलियड'च्या भाषांतराचे सहा खंड १७१५ ते १७२० या काळात असेच निघाले, आणि वर्गणीदारांची नावे ग्रंथात छापली गेली. आजच्या अ‍ॅनिमेशनपटाच्या शेवटी सरकणाऱ्या देणगीदारांच्या नामावळीची ती पणजीच म्हणायची. पण आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे तो सॅम्युअल जॉन्सन. शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादित आवृत्तीची योजना त्याने १७५६ मध्ये जाहीर केली, वर्गणी घेतली आणि ग्रंथ १७५७ च्या अखेरीस देण्याचे कबूल केले. ग्रंथ आला १७६५ मध्ये. मधल्या काळात चार्ल्स चर्चिल या कवीने वर्गणीचे पैसे खाल्ल्याबद्दल त्याची जाहीर टवाळी केली. वर्गणीदारांची यादी का छापली नाही, याचे जॉन्सनने दिलेले उत्तर बॉस्वेलने नोंदवले आहे : नावे हरवली आणि पैसे खर्च झाले. तरी त्या आवृत्तीची प्रस्तावना आज शेक्सपिअर-समीक्षेचा पाया मानली जाते. विलंब विसरला गेला, कारण ग्रंथ आला आणि तो ज्याने कबूल केला होता त्यानेच लिहिला.

आपल्याकडचा दाखला याहून वेगळा आहे, पण तो याच चर्चेत बसतो. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिला. त्याच्या पटकथालेखनात विजय तेंडुलकरांचा वाटा होता. तेथे वर्गणीदार विखुरलेले चाहते नव्हते. ते आधीच एका सहकारी संघाचे सभासद होते, आणि चित्रपटाचा विषयही तेच होते. पैसा कोणी गोळा करायचा, जाब कोणाला विचारायचा हे ठरलेले होते. संघटना आधी आणि वर्गणी नंतर, हा क्रम किकस्टार्टरवर उलटा होतो : वर्गणीदार एकत्र येतात ते पैसे देण्याच्या क्षणापुरते. नंतर प्रत्येक जण एकटाच वाट पाहत राहतो.

'किकस्टार्टर म्हणजे दुकान नव्हे' असे त्या कंपनीने सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर केले. ईथन मोलिक यांच्या २०१४ च्या अभ्यासात पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक प्रकल्प मुदतीत पुरे झालेले नसल्याचे दिसले. त्यांच्याच पुढल्या वर्षीच्या पाहणीत वचन मुळीच न पाळणारे प्रकल्प सुमारे नऊ टक्के आढळले. म्हणजे बहुतेकांचा हेतू प्रामाणिक असतो, अंदाज चुकतो. पण दुकान नव्हे, तर काय? दाता परतफेड मागत नाही, ग्राहक माल मागतो, भागधारक नफा मागतो. वर्गणीदार यांपैकी कोणीच नाही. त्याला आवडलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, यात त्याने आपला वाटा ठेवलेला असतो. त्याच्यापाशी हक्क सांगणारा कागद नसतो, नुसती आस्था असते.

या आस्थेचे मोल डॉलरमध्ये मोजण्यातला धोका वाचनाला आहे. कालपर्यंत पुढचे पान कधी येईल या ओढीने वाट पाहणारा वाचक आज येणे वसूल व्हावे म्हणून वाट पाहू लागतो. ओढ आणि तगादा यांची भाषा वरकरणी सारखीच असते, दोघेही 'कधी?' एवढेच विचारतात. लेखकाला मात्र दोन्हींतला फरक पहिल्या अक्षरापासून ऐकू येतो.